वसतिगृहांतील मुलांचा हातखर्च

खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुलें शिक्षणासाठीं वसतिगृहांत राहतात व कित्येक पोरकीं मुलें बालगृहांतच लहानाचीं मोठीं होतात. त्यांच्या अन्नवस्त्राची, पुस्तकांची व दुखण्याखुपण्याची काळजी वाहणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी आज एका लहानशा गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आमच्या मनांत आहे. ती गोष्ट म्हणजे मुलांचा हातखर्च. मुलाच्या नांवें ठेवलेला हा पैसा खरोखर कोणाचा? मुलाचा कीं संस्थेचा? प्रश्न दहा-वीस रुपयांचा दिसतो. परंतु न्याय आणि विश्वास हीं दोन्ही त्यांत गुंतलेलीं आहेत.

मागें मुलींच्या एका वसतिगृहांत आम्ही चार दिवस पाहुणे होतों. तेथें ११ वर्षांची एक मुलगी होती. तिचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेले होते. जातांना बापानें तिच्या हातखर्चासाठीं ३०० रुपये बाईंच्या स्वाधीन केले होते. शनिवारीं मुली रांगेनें उभ्या राहिल्या व प्रत्येकीला १० रुपये मिळाले. हिची पाळी आली तेव्हां बाई म्हणाल्या, “तुझ्या हातून बादली फुटली, तुझे पैसे दंडांत गेले.” मुलगी कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें धीर करून तिनें विचारलें, “बाई, माझे किती उरले?” त्यावर उत्तर मिळालें, “इथलें अन्न खातेस आणि आम्हांलाच हिशेब विचारतेस?”

ह्या बाई कठोर अंतःकरणाच्या नव्हत्या. आदल्याच रात्रीं एका तापकरी मुलीच्या उशाशीं त्या पहाटेपर्यंत बसल्या होत्या. म्हणूनच ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. चांगल्या माणसाच्या हातूनहि येथें अन्याय घडतो. कारण ‘आम्ही ह्यांच्यावर उपकार करतों’ ही भावना वाढत जाते व तिच्याखालीं मुलांचा हक्क झांकला जातो. बापानें घाम गाळून दिलेले ते पैसे ही ठेव होती. ठेवीचा हिशेब मागणें हा कृतघ्नपणा नव्हे. आणि तो आनंदानें देणें हें ठेव सांभाळणाराचें कर्तव्य होय.

संस्थेनें स्वतःच्या निधींतून हातखर्च दिला तर काय? आमच्या मतें तेथेंहि नियम एकच. एकदां दिलें तें मुलाचें झालें. नीट वागेल त्याला द्यावें, चुकेल त्याचें काढून घ्यावें, अशी रीत पडली म्हणजे हातखर्च ही आज्ञाधारकपणाची मजुरी होते व मूल पैशासाठीं चांगलें दिसावयास शिकतें. बादली फुटली तर चार दिवस अंगण झाडून भरपाई करूं द्यावी. परंतु ठेवींत हात घालूं नये.

कोणी म्हणेल, “मुलें पैसे उडवितील.” थोडे उडवितीलच. घरीं वाढणारें मूल दुकानीं जातें, गूळ आणतें, चहाची पुडी आणतें, उरलेली मोड मोजून आईच्या हातीं देतें आणि न शिकवितां व्यवहार शिकतें. वसतिगृहांत साबण पेटींतून व वह्या गठ्ठ्यांतून येतात. दहा वर्षें तेथें राहिलेल्या मुलाला साबणाची वडी केवढ्याला मिळते हें ठाऊक नसतें. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें बालगृहांतील मूल १८ वर्षांचें झालें म्हणजे सामान्यतः संस्था सोडतें. पुढें २१ व्या वर्षापर्यंत मदतीची सोय कायद्यांत आहे खरी. पण संसार त्यालाच हांकावयाचा असतो. पहिला पगार आठ दिवसांत संपला म्हणजे आपण म्हणतों, “पोर उधळें निघालें.” उधळें नव्हे, पैसा हातीं धरण्याची संधीच त्याला कधीं मिळाली नव्हती. दहाव्या वर्षीं १० रुपयांची चूक झाली तर ती स्वस्त पडते. पंचविसाव्या वर्षींची चूक माणसाला सावकाराच्या दारीं नेते. गुटख्यासारख्या विषाला मनाई असावीच, कुल्फीला नसावी.

एकाला घरून ५०० रुपये येतात व पोरक्याला कांहींच येत नाहीं, ही अडचण खरी आहे. ती टाळावी म्हणून कित्येक ठिकाणीं सर्वांचाच हातखर्च बंद करतात. पण सर्वांना सारखें रिकामें ठेवणें ही समता नव्हे. एका वयाच्या मुलांना दर आठवड्याला सारखी रक्कम द्यावी. ज्याला कोणी नाहीं त्याची संस्थेनें भरावी. अधिक आलेला पैसा मुलाच्याच नांवें टपालखात्यांत किंवा बँकेंत ठेवावा. १० वर्षांवरील मुलाला बचत खातें स्वतः चालवूं देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं बँकांना दिली आहे.

आणखी एक गोष्ट संकोचानें लिहितों. रविवारच्या दानाचे पैसे कोठें कोठें हातखर्चांतून आधींच कापून घेतात. जें मुलाच्या हातीं आलेंच नाहीं, तें त्यानें दिलें असें कसें म्हणावें? विधवेच्या दोन टोल्यांची थोरवी ह्यांत होती कीं, त्या तिच्या स्वतःच्या होत्या व तिला त्या ठेवून घेतां आल्या असत्या.

उपाय खर्चाचा नाहीं. प्रत्येक मुलाची एक वही असावी. जमा, खर्च व शिल्लक लिहून मुलानें सही करावी. आणि मूल संस्था सोडील त्या दिवशीं हिशेब वाचून दाखवून शिल्लक त्याच्या हातीं द्यावी. मंडळीचे वडील पाहणीस जातात तेव्हां ते स्वयंपाकघर व निजण्याची जागा पाहतात. ह्या वह्याहि त्यांनीं पाहाव्या.

उसाचा हंगाम संपला म्हणजे बाप मुलीला भेटावयास येतो आणि सहज विचारतो, “पैसे पुरले का गं, बाळ?” त्या वेळीं तिनें खालीं पाहूं नये, वही उघडून दाखवावी, एवढेंच आमचें मागणें आहे.