जुना दिवा राखावा का?

बर्लिन नगरीच्या रस्त्यांवर १८२६ साली गॅसचे दिवे लागले. पुढे वीज आली, दोन महायुद्धे झाली, नगरीची फाळणी झाली आणि ती मिटलीही. तरी एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेथे चाळीस हजारांहून अधिक गॅसदिवे तेवत होते. जगात उरलेल्या अशा दिव्यांपैकी निम्म्याहून अधिक या एकाच शहरात होते. विशेष हे की, ते केवळ राजमार्गांवर मिरवत नव्हते. साध्या वस्त्यांतील गल्ल्यांत, कामावरून परतणाऱ्या माणसाला घराचे दार दाखवीत ते उभे होते.

२०१० नंतर प्रशासनाने ते टप्प्याटप्प्याने बदलून विजेचे दिवे बसविण्यास आरंभ केला. नागरिकांनी विरोध केला; वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २०१४च्या धोक्यातील वारशांच्या यादीत या दिव्यांची नोंद केली. पण प्रशासनाची बाजूही पोकळ नव्हती. गॅसदिवा विजेच्या नव्या दिव्याच्या कित्येक पट इंधन खातो, आणि त्याचा भार सर्वांवर, गरिबांवरही पडतो. मग केवळ सुंदर आहे म्हणून जुने राखण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. गॅसदिव्याला तेजस्वी करणारी जाळी आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८८५ साली शोधली. तीच जाळी, ज्याला आपण ‘मेंटल’ म्हणतो, आपल्या लग्नमांडवातील गॅसबत्तीत होती. ‘पेट्रोमॅक्स’ हे नावही बर्लिनच्याच एका कारखान्याने जगभर पोहोचविले.

आमच्या एका जुन्या धर्मग्रामात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला अशा दोन बत्त्या लागत. एक वृद्ध गृहस्थ सायंकाळीच येत. काच पुसत, स्पिरिट पेटवीत, बेताने पंप मारीत. जाळी शुभ्र झाली की मगच घरी जाऊन कपडे बदलत. पुढे जनरेटर आला. आम्ही त्यांना आनंदाने म्हणालो, “आता तुमचे कष्ट संपले.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “फादर, मग आता मी यायचं नाही का?” आम्ही हसलो. एक बत्ती रंगवून कपाटात शोभेसाठी ठेवली. ते गृहस्थ मात्र त्या वर्षापासून शेवटच्या बाकावर बसू लागले. वस्तू आम्ही जपली आणि माणूस अडगळीत टाकला, हे ध्यानात येण्यास आम्हांला फार वर्षे लागली.

बर्लिनमध्येही असेच काही घडले. टिअरगार्टन उद्यानात १९७८ साली जुन्या दिव्यांचे उघड्यावरचे संग्रहालय उभारले गेले. तेथील दिव्यांची कालांतराने मोडतोड झाली. गल्लीतला दिवा विझला तर शेजारी तक्रार करतात. शोभेचा दिवा विझला तर कोणाचीच वाट अडत नाही. ज्याची कोणाला गरज उरत नाही, त्याची राखण कौतुकाने फार काळ होत नाही.

तेव्हा प्रत्येक जुना दिवा राखलाच पाहिजे, असे आम्ही म्हणणार नाही. जनरेटर घेतला यात आमची चूक नव्हती. अंधारात चाचपडणाऱ्या म्हाताऱ्यांची त्याने सोय झाली. चूक झाली ती दिव्याचा निकाल लावताना दिवा लावणाऱ्या हातांचा विचार न करण्यात. त्या गृहस्थांना आम्ही वेदीवरच्या मेणबत्त्या सोपवू शकलो असतो. त्याला एक पैसाही लागला नसता.

बदल करण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्यावर हे ऋण असते. आपल्या घरांतही चूल, पाटा, विहीर यांच्याबरोबर कोणाचे तरी काम गेले आहे. वस्तू गेली तर जावो. पण ती चालविणारे हात आज घरात रिकामे बसले आहेत काय, एवढे पाहण्यास नवा दिवा पुरेसा प्रखर आहे.