प्रेरणेचे ऋण

एका कलावंताने दुसऱ्याच्या कलेपासून स्फूर्ती घ्यावी यात नवल ते काय? परंतु ज्याच्यापासून ती घ्यावयाची त्याच्या हातून मनुष्यवध घडलेला असेल, तर त्या हातातले नेमके काय उचलावे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांनी १९८२ साली रचलेल्या 'द फोटोग्राफर' या कृतीने तो माझ्यापुढे उभा केला.

तिचा नायक एडवर्ड मायब्रिज. जन्माने इंग्रज, कर्तृत्वाने कॅलिफोर्नियाचा. १८७८ साली पालो आल्टो येथे ओळीने बारा कॅमेरे मांडून त्याने भरधाव घोड्याची छायाचित्रे घेतली आणि घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे सिद्ध केले. तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणून हवेत तरंगणारे चित्रकारांचे डौलदार घोडे त्या दिवशी खोटे ठरले.

पण याच माणसाने १८७४ च्या ऑक्टोबरात हॅरी लार्किन्स नावाच्या गृहस्थाला गोळी घालून ठार केले होते. निमित्त झाले एक छायाचित्रच. आपल्या तान्ह्या मुलाच्या छायाचित्रामागे पत्नीच्या अक्षरात 'हॅरी' हे नाव लिहिलेले त्याला आढळले. पुढील वर्षी नापा येथे खटला चालला. वेडाच्या भरात कृत्य घडले हा बचाव पंचांनी मानला नाही, न्यायाधीशांनी समजावून दिलेला कायदाही मानला नाही. असा वध योग्यच, असे ठरवून त्यांनी त्याला सोडून दिले. त्याच वर्षी पत्नी फ्लोरा वारली. मुलगा अनाथाश्रमात गेला.

ग्लास यांनी तरुणपणी पॅरिसमध्ये रविशंकरांचे संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरविण्याचे काम केले होते. लहान लहान मात्रागटांच्या बेरजेतून मोठे आवर्तन उभे राहते, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. मूठभर स्वर पुन्हा पुन्हा यावेत, मध्येच एखादा वाढावा, आणि ऐकणाऱ्याला गतीचा भास व्हावा, हीच त्यांची रीत. मायब्रिजची घोड्याची चित्रमालिका तरी दुसरे काय आहे? कृतीच्या मधल्या भागात त्याची छायाचित्रे पडद्यावर येतात व व्हायोलिन वाजत राहते, तेव्हा हे नाते शब्दांवाचून पटते. जे मायब्रिजचे देण्याजोगे होते ते येथे घेतले गेले आहे.

पहिल्या भागाविषयी मला तसे म्हणवत नाही. तेथे नाट्य आहे. खटल्यातील व पत्रांतील शब्द आहेत. एका गीताचे नावच 'सद्गृहस्थाची अब्रू' अशा अर्थाचे आहे. त्यात उपरोध असेल. शिवाय वध गाळून नुसते घोडे दाखविले असते तर ती सारवासारव झाली असती, हेही मी मान्य करतो. तथापि लार्किन्सचा मृत्यू आणि फ्लोराची फरफट ही काही मायब्रिजची कलाकृती नव्हे. ती देण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांची संमती विचारावयास कोणी उरले नव्हते. कागदोपत्री बोलतात ते जिवंत राहिलेले; मेलेल्याची जबानी खटल्यात नसते, म्हणून ती गीतातही उतरत नाही.

तो मुलगा मात्र दीर्घकाळ जगला; गुराढोरांच्या मळ्यांवर व बागांत राबला. मोठेपणीच्या छायाचित्रात त्याचा चेहरा मायब्रिजच्या चेहऱ्याशी विलक्षण जुळतो, असे पाहणारे सांगतात.