गटणे, वल्ली आणि निदान

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) या संग्रहातील सखाराम गटणे मराठी वाचकाच्या मनात इतका रुजला आहे की पुस्तकी भाषेत बोलणाऱ्या मुलाला सर्रास 'गटणे' म्हटले जाते. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हा व्यक्तिरेखेच्या यशाचा मोठा पुरावा. परंतु या मुलाकडे आज दुसऱ्याही दृष्टीने पाहता येते. छापील वळणाची वाक्ये, एकाच विषयात सर्वस्वाने बुडून जाणे, लेखक आणि पुस्तके यांची बारकाव्यांसह धारणा, समोरच्याच्या स्वरातील मिस्कीलपणा हाती न लागणे, 'एकनिष्ठा' यासारख्या शब्दाला अक्षरशः जीवनमरणाचा प्रश्न मानणे : ही सारी लक्षणे एकत्र ठेवली तर स्वमग्नतेशी परिचित असलेल्या कोणत्याही पालकाला वा शिक्षकाला क्षणभर थांबावेसे वाटेल. हे थांबणे वाङ्मयीन दृष्ट्या वैध आहे काय, आणि वैध असेल तर त्याने वाचकाच्या हास्याचे काय होते, हे प्रश्न केवळ मानसशास्त्राचे नाहीत.

पहिला आक्षेप परिचित आहे. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅकबेथला किती मुले होती असा उपरोधिक प्रश्न विचारून, व्यक्तिरेखेला संहितेबाहेरचे चरित्र बहाल करण्याच्या सवयीवर बोट ठेवले होते. रोमान इनगार्डेन यांच्या परिभाषेत वाङ्मयीन कृती अनिश्चित जागांनी भरलेली असते, आणि त्या जागा भरणारे तथ्य संहितेमागे कोठेही दडलेले नसते. निदानाला बालपणाचा इतिहास लागतो. वयाच्या दुसऱ्या वर्षी मूल हाकेला प्रतिसाद देत होते काय, आवाजाने वा स्पर्शाने बेचैन होत होते काय, नित्यक्रम मोडला तर काय करीत होते, हे चिकित्सक आईला विचारतो. गटणेच्या बाबतीत विचारायला कोणी नाही. तो आपल्याला भेटतो तो पौगंडावस्थेत, व्याख्यानानंतर स्वाक्षरीसाठी आलेला, आणि तोही एका निवेदकाच्या डोळ्यांतून. तेव्हा 'गटणे स्वमग्न होता' हे विधान खोटे नव्हे. ते खरे किंवा खोटे ठरू शकेल अशा जातीचेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म असून त्याची दखल क्वचितच घेतली जाते. विनोदी व्यक्तिचित्र हा प्रकारच एखादे लक्षण निवडून ते ताणतो. आंरी बर्गसाँ यांनी १९०० साली हास्याची मीमांसा करताना सजीवावर चढलेले यांत्रिकपण हेच हास्याचे बीज मानले. जेथे लवचीकपणा अपेक्षित असतो तेथे ताठरपणा दिसला की आपण हसतो. आता स्वमग्नतेच्या निकषांत ताठरपणा, पुनरावृत्ती आणि मर्यादित पण उत्कट रस यांना मध्यवर्ती स्थान आहे. म्हणजे विनोदी लेखकाचे हत्यार आणि चिकित्सकाची यादी यांत आधीपासूनच साम्य आहे. शेरलॉक होम्सपासून 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधील डार्सीपर्यंत अनेकांवर हे निदान चिकटवले गेले, त्यामागे या साम्याचाही हात आहे. एका रेषेने काढलेला माणूस अर्कचित्रातही दिसतो आणि रुग्णपत्रिकेतही.

हे दोन्ही आक्षेप मान्य करूनही काहीतरी उरते. मराठीत 'ओळख' हा शब्द निदानाहून निराळा आहे. परिचय, जाणीव, खूण आणि अस्मिता असे चार अर्थ त्यात नांदतात. गटणेचे निदान करता येत नाही, पण गटणे ओळखू येतो. आणि बहुधा आपल्या घरातल्या कोणामुळे किंवा स्वतःमुळे ओळखू येतो. वाचकाचा अधिकार या दुसऱ्या क्रियेपुरता आहे. मात्र तो तिथे पक्का आहे.

ओळखीचे हे काम किती निसरडे आहे हे पुण्यामुंबईत बसून नीट कळत नाही. गटणेचे मुख्य लक्षण भाषिक आहे : तो बोलतो ते लिहिल्यासारखे. पण 'लिहिल्यासारखे' हे कोणाच्या बोलण्याच्या तुलनेत? वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) या तालुक्याच्या गावी, नागपूर-अमरावती महामार्गावर, घरात आणि बाजारात 'मले', 'तुले', 'काहून' ऐकत वाढणाऱ्या मुलाची कल्पना करावी. प्रमाण मराठी त्याला भेटते ती पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात आणि वाचनालयातील कादंबरीत. तो वाचू लागला आणि परक्या, प्रतिष्ठित माणसासमोर उभा राहिला, तर त्याच्या तोंडून पुस्तकच बोलणार. दुसरे प्रमाण रूप त्याने ऐकलेलेच नसते. येथे गटणेची भाषा स्वभावाचे लक्षण राहत नाही. ती पहिल्या पिढीच्या वाचकाची सामाजिक परिस्थिती ठरते. ज्या श्रोत्याची घरची बोली प्रमाणभाषेच्या जवळ आहे त्याला तीत गंमत वाटते. ज्याची नाही, त्याला तीत स्वतःची दहावीतली भाषणे आठवतात. याच संग्रहात भय्या नागपूरकर आहे आणि त्याच्याकडे पाहून जे हसू येते त्यात त्याच्या वऱ्हाडी-नागपुरी वळणांचा वाटा आहे. एक जण बोली बोलतो म्हणून गमतीचा, दुसरा प्रमाणभाषा जरा जास्तच बोलतो म्हणून. मधला अरुंद पट्टा कोणाच्या मालकीचा, हे सांगायला नको.

गंमत अशी की नेमका हाच पुरावा उलट दिशेनेही वापरता येतो. मिखाइल किसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ट्युनिशियातील अशा स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, जी घरातील बोली सोडून दूरदर्शनवर ऐकलेली प्रमाण अरबी बोलत होती. नॉर्वेच्या बोलीप्रदेशांतही स्वमग्न मुले आसपासच्या बोलीऐवजी पुस्तकी रूप उचलतात असे निरीक्षण आहे. बोली ही माणसांच्या सहवासातून, नजरेतून आणि चेष्टामस्करीतून शिकली जाते. पुस्तक आणि पडदा तसे काही मागत नाहीत. तेव्हा कारंज्यातील एखादा मुलगा भाऊ-बहिणी, मित्र, शेजारी सारे 'मले-तुले' करीत असताना आईशीही 'मला क्षुधा लागली आहे' असे बोलत असेल, तर तेथे परिस्थितीचे स्पष्टीकरण अपुरे पडते. भेद प्रमाणभाषा बोलण्यात नाही. कोणाशी आणि केव्हा बोलावी याच्या निवडीत आहे. निवेदकासमोर गटणे पुस्तकी बोलतो हे आपण पाहतो. घरी, अंघोळीला जाताना, वडिलांची बोलणी खाताना तो कसा बोलत होता याविषयी व्यक्तिचित्र आपल्याला पुरेसे काही देत नाही. प्रश्न तेथे अडतो आणि प्रामाणिक समीक्षेने तो अडू द्यावा.

कारंज्याच्या नावातील कंसाचा येथे सहज विचार येतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) निराळे आणि हे निराळे, म्हणून कंस. तो पत्र पाठवणाऱ्याच्या सोयीचा आहे. गावात राहणारा नुसते 'कारंजा' म्हणतो. निदानाचेही काहीसे असेच आहे. ज्याला योग्य दारापर्यंत पोचायचे आहे, शाळेत सवलत किंवा घरात समजूत हवी आहे, त्याला कंस लागतो. पण कंसातला शब्द म्हणजे गाव नव्हे.

निदान झाल्याने काय मिळते हे या चर्चेत फार पटकन विसरले जाते. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या केंद्रीय कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची नोंद घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. 'वल्ली'ला यांपैकी कशाचाही आधार नव्हता. वल्ली हा एक सामाजिक प्रवर्गच आहे : विक्षिप्त, पण आपला, सांभाळून घेण्याजोगा, ज्याच्या कथा सांगाव्यात असा. त्या प्रवर्गात ऊब आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वांना एकाच साच्यात कोंबू पाहणाऱ्या आजच्या शाळेपेक्षा जुनी आळी अशा माणसांना अधिक जागा देत होती, असेही म्हणता येईल. पण कोणाला? 'व्यक्ती आणि वल्ली'तील लेखविषय झालेली मंडळी बहुतांश पुरुषच आहेत, हा योगायोग नसावा. गटणेच्या जागी एखादी मुलगी असती, रात्रंदिवस वाचणारी, पाहुण्यांसमोर लांबलचक समासयुक्त वाक्ये बोलणारी, लग्नाला नकार देणारी, तर तिच्यावर व्यक्तिचित्र लिहिले गेले असते काय? तिला 'अर्धवट' म्हटले गेले असते. पायाखाली जातीची उतरंड असलेल्या माणसाला तर 'वल्ली' हे बिरुद आणखीच दुर्मीळ. त्याचे वेगळेपण उद्धटपणा किंवा मंदपणा म्हणून खपवले जाते. स्नेहाने हसण्यासाठी माणूस आधी आपल्या बरोबरीचा वाटावा लागतो.

येथून वळावे लागते ते व्यक्तिचित्राच्या उत्तरार्धाकडे. आरंभी कंटाळलेला निवेदक हळूहळू या मुलाच्या प्रेमात पडतो, आणि हे प्रेमच लेखाला निव्वळ टवाळीपासून वाचवते. वडील लग्नाचा आग्रह धरतात, निवेदक मध्यस्थी करतो, गटणे संसाराला लागतो, आणि साहित्यावरच्या निष्ठेची जागा जीवनावरची निष्ठा घेते. कितीएक पिढ्यांनी हा शेवट सुखान्त म्हणून वाचला. बर्गसाँच्या मते हास्य ही समाजाने ताठरपणाला दिलेली सौम्य शिक्षा असते. ती लागू पडली आणि मुलगा सुधारला, असा हा आकृतिबंध आहे. परंतु गटणेला ओळखणाऱ्या वाचकाला शेवटी एक रिकामी जागा दिसते. ज्या भाषेत तो पूर्णपणे स्वतः होता ती भाषा त्याच्यापासून सुटत गेली. ती सुटली की त्याने ती दडवायला शिकले? स्वमग्न प्रौढांच्या लेखनात मुखवटा पांघरण्याचा, इतरांसारखे दिसण्यासाठी रोज केलेल्या दमछाकीचा उल्लेख वारंवार येतो. संहिता येथे गप्प आहे, कारण निवेदकाला गटणे बरा झाल्याचे समाधान आहे आणि कॅमेरा त्याच्याच हाती आहे.

डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेली दुहेरी सहानुभावाची कल्पना येथे उपयोगी ठरते. दोन भिन्न धाटणीच्या माणसांत समजुतीची दरी पडते तेव्हा ती दोघांकडून पडलेली असते. दोष मात्र अल्पसंख्याकाच्या खात्यावर जमा होतो. गटणेला निवेदकाचा उपरोध कळत नाही, हे आपण लगेच टिपतो. निवेदकाला गटणेचा गंभीरपणा कितपत कळतो, हे कोणी विचारत नाही. साहित्याशी एकनिष्ठ राहावे की जीवनाशी, हा प्रश्न त्या मुलाने खेळ म्हणून विचारलेला नाही. मराठी साहित्यविचाराने कलावाद आणि जीवनवाद या नावांनी दशकानुदशके हाच वाद घातला आणि कोणी हसले नाही. गटणेचा गुन्हा इतकाच की त्याने तो स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न मानला.

'स्वमग्नता' हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवलेल्या मूळ संज्ञेत 'स्व' होता. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या वर्णनासाठी ती उचलली आणि मराठीने तिचा अर्थ इमानाने उतरवला. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये वर्णिलेल्या, 'छोटे प्राध्यापक' म्हणाव्यात अशा मुलांशी गटणेचे साम्य सर्वाधिक. (त्याच अ‍ॅस्पर्गर यांचा नाझी राजवटीशी असलेला संबंध हेर्विग चेक यांनी २०१८ साली कागदपत्रांनिशी दाखवून दिला, निदानाच्या इतिहासातही भाबडेपणाला जागा नाही.) पण मराठी कानाला 'स्वमग्न' म्हणजे स्वतःतच बुडालेला, इतरांविषयी बेपर्वा. आत्ममग्न कवीचे आपण कौतुक करतो आणि स्वमग्न मुलाची कीव. गटणे तर स्वतःत मुळीच बुडालेला नाही. तो बुडाला आहे इतरांनी लिहिलेल्या शब्दांत, आणि ते लिहिणाऱ्या माणसाला शोधत त्याच्या दारापर्यंत आला आहे.

या व्यक्तिचित्राच्या अभिवाचनाचे पु. लं.च्या आवाजातील ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि ते आजही घरोघरी ऐकले जाते. त्यात लेखकाच्या आवाजाबरोबर सभागृहातील श्रोत्यांचे हसूही मुद्रित झाले आहे. गटणे तोंड उघडतो आणि हसू येते. कारंज्यातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या घरी, छापील बोलणारा एक मुलगा ते ऐकत बसलेला असू शकतो. गटणेची वाक्ये त्याला पाठ होतात, आणि त्यांत काही वावगे आहे असे त्याला वाटत नाही. मग केव्हातरी तो आईला विचारतो, की हे लोक मध्येच का हसत आहेत.