अनाथांचा समाचार

याकोबाच्या पत्राच्या १ ल्या अध्यायातील २७ व्या ओवीत अनाथांचा समाचार घेण्याविषयी सांगितले आहे. बोलीत समाचार घेणे म्हणजे खरडपट्टी काढणे. परंतु याकोबाचा भाव असा की, त्यांजकडे आपल्या पायांनी जावे. सुगीनंतर आम्ही अनाथाश्रमास ज्वारीचे पोते पाठवितो आणि कर्तव्य झाले असे मानितो. कोणास वाचता येत नाही, कोण रात्री रडते, हे त्या पोत्यास कसे कळावे?

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतात गेल्या व निराश्रित मुलींस घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात अन्नवस्त्राबरोबर अक्षरे, विणकाम, छापखान्याचे कामही शिकविले गेले. अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. उद्याची भाकर मुलीने आपल्या हातांनी मिळवावी, अशी ती तयारी होती.

आज १८ वर्षे पुरी झाली की मूल सामान्यतः बालगृहातून बाहेर पडते. पुढे काही काळ साहाय्य देण्याची तरतूद २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे खरी. पण सणासुदीस ते कोणाच्या दारी जाईल? आपल्या मंडळीत सुतार आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. व्यवस्थापकांच्या परवानगीने त्यांनी महिन्यातून एकदा तरी तेथे जाऊन मुलांस आपले काम शिकवावे. पंचांनी येत्या रविवारी उपासनेनंतर अशांची नावे लिहून घ्यावी.