बत्तिसावा आठवडा

लखनौत आमच्या वस्तीचं नावच महानगर. पुण्याच्या आत्याला पत्त्यातला हा शब्द कायम खटकायचा. 'लखनौ महानगर आहे हे कळलं, पण त्यात तू राहतेस कुठे?' नाव ठेवणाऱ्याला ते कळतं, पोस्टमनला कळतं. बाकीच्यांनी बुचकळ्यात पडायचं. परवा टॅबमधली अडगळ काढायला बसले आणि आत्या आठवली.

कार्ड भरलंय, अशी सूचना दोन दिवस येत होती. कार्ड जुनं, आधीच्या फोनमधलं सगळं भाच्याने त्यात ओतून दिलेलं. उघडलं तर समोर डीसीआयएम, लॉस्ट डॉट डीआयआर, ओबीबी, कॉम डॉट अमुक, कॉम डॉट तमुक. डीसीआयएम मला एखाद्या सरकारी खात्याची आद्याक्षरं वाटली; राजधानीच्या शहरात अशा पाट्या पावलोपावली दिसतात. आपण तर यात कधी काही ठेवलं नाही, मग काढायला काय हरकत, म्हणून बोट दाबून धरलं. पुसण्याआधी आकडा दिसला. दोन हजारांवर फाइली. बोट उचललं.

ते आपले फोटो होते. डिजिटल कॅमेरा इमेजेस, त्याचं डीसीआयएम. १९९८ साली जपानमधल्या कॅमेरा उद्योगाने ठरवलेली ही पद्धत. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता यावं, म्हणून सगळ्यांनी फोटो एकाच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. ते नाव एका यंत्राने दुसऱ्याला सांगायचं. त्यात मला काय वाटेल याचा विचार कोण करणार!

मग पुसणं बाजूला राहिलं आणि नावंच वाचत बसले. कॉम डॉट अमुक म्हणजे उलटा लिहिलेला इंटरनेटचा पत्ता. आपण घर, गल्ली, शहर, देश असं लिहितो. इथे आधी देश आणि शेवटी घर. लॉस्ट डॉट डीआयआर हे स्टेशनवरच्या हरवलं-सापडलं खात्यासारखं. लिहिणं चालू असताना कार्ड उपसलं किंवा बॅटरी संपली, की फाइलींचे जे तुकडे उरतात ते नुसते आकड्यांची नावं देऊन इथे आणून टाकलेले असतात. माझं रिकामंच होतं. पुसलं. कार्ड काढून पुन्हा घातलं तर ते हजर.

सगळ्यात आवडली ती 'डॉट नोमीडिया' नावाची फाइल. नावाआधी टिंब असलं की ती एरवी दिसतही नाही. आकार शून्य. आत एक अक्षर नाही. पण ती ज्या फोल्डरमध्ये असेल तिथले फोटो गॅलरी दाखवत नाही. एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेला रुमाल आठवा. रुमालाची किंमत काय, पण त्याच्यावर कोणी बसत नाही.

(लखनौत राहून भूलभुलैयाची उपमा द्यायची नाही, असं मी ठरवलेलं आहे.)

उपमा द्यायचीच तर कैसरबागेतली देईन. १९२६ साली विष्णू नारायण भातखंड्यांनी तिथे संगीताचं कॉलेज उभं केलं, ते आता त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. मुंबईच्या वाळकेश्वरचा हा वकील गावोगाव हिंडून चिजा गोळा करत गेला आणि रागांचा तो ढीग त्याने दहा थाटांत लावला. एकेका थाटाला त्यातल्याच एका रागाचं नाव दिलं: काफी, तोडी, मारवा, पूर्वी. गाणाऱ्याला ती नावं ओळखीची. बाहेरच्याला पूर्वी म्हणजे दिशा आहे की 'आधी', हेही कळायचं नाही. शिवाय मधुवंतीसारखे राग कुठल्याच थाटात नीट बसत नाहीत, ते वेगळंच.

रात्री भाच्याला फोन केला. 'मावशी, ओळखीचं नाही म्हणून पुसू नकोस. आधी साइज बघ,' तो म्हणाला. बघितली. ज्यांच्याकडे मी संशयाने पाहत होते, ती परकी नावं मिळून कार्डाचा एक कोपराही भरत नव्हती. खरा डोंगर होता ओळखीच्या नावाखाली: व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ, आणि त्यातही 'सेंट' म्हणजे मी स्वतः पाठवलेले. गुलाबावरचे दवबिंदू, उगवता सूर्य, एकच आरती चार वेळा. जे पुढे ढकलून मी विसरून गेले, त्या प्रत्येकाची एक प्रत इथे मुकाट्याने बसून होती. ते काढताना हात अजिबात अडखळला नाही.

मग आला व्हॉइस नोट्सचा फोल्डर. आत नुसते सहा आकड्यांचे फोल्डर, ओळीने. २०१९३०, २०१९३१, २०१९३२. तारखा म्हणाव्यात तर बत्तीस तारीख कुठली? एकात शिरले. फाइलचं नाव पीटीटी, पुढे २०१९०८०५. पीटीटी म्हणजे पुश टू टॉक, बटण दाबा आणि बोला. पाच ऑगस्ट. मग उलगडलं: पहिले चार आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. २०१९ चा बत्तिसावा आठवडा.

फाइल चालू केली. आधी कुकरची शिट्टी, मग आईचा आवाज, फोन तोंडाच्या फार जवळ धरलेला. 'अगं, आज नागपंचमी. तुला तिकडे कोण आठवण करणार, म्हणून सांगते. आज काही चिरू नकोस, कापू नकोस, तवा ठेवू नकोस. दिंडं कर, नाहीतर नुसता वरणभात...' पुढे बटणावरचं बोट सुटलं असावं. सगळं मिळून अकरा सेकंद.