मुकुट घरी आला तेव्हा

अजिंठ्याच्या सोळा नंबरच्या लेण्यात एक स्त्री मंचकावर रेलून बसली आहे. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, बोटांतला जोर गेलेला. मागून एका दासीने तिला सावरलं आहे, दुसरी पंखा घालते आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन इथल्या चित्रांच्या तैलरंगात नकला करत होते. फ्लॉरेन्सचा चित्रकार रेखाटन याहून सरस करील, व्हेनिसचा रंग सरस देईल, पण एवढा भाव कुणालाच साधणार नाही, असं त्यांनी या चित्राबद्दल लिहून ठेवलं. बाई प्रसिद्ध झाली ती ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून.

ती मरत नाहीये. याच चित्रात एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे. त्या मुकुटावरून अभ्यासकांनी पुढे कथा ओळखली. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद त्यांचं भिक्षापात्र हातात धरून, भिडेपोटी, विहारापर्यंत मागे गेला आणि तिथे त्याचं मुंडन झालं. घरी आला तो नुसता मुकुट. ही त्याची बायको, सुंदरी.

जळगावला चित्रकला शिकवायला लागण्याआधी, डिप्लोमाच्या वर्षी, मी याच प्रसंगाची तैलरंगात नक्कल केली. लेण्यातलं काम मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ हातावर केलेलं. रंग भराभर सुकणारे, म्हणून भाव रेषेनेच पेलायचा. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, छटा मिसळत बसण्याचा मोह होतो. डोळ्यांखाली जरा बर्न्ट अंबर चढला की चेहरा आजारी दिसतो. मूळ चित्रात आजार कुठेच नाही. मानेचा बाक आणि ढिलं पडलेलं मनगट, एवढ्यावर सगळं दुःख तोललेलं आहे.

आई शिरपूरकडची. कथा तिला ठाऊक नव्हती. कॅनव्हाससमोर उभी राहून म्हणाली, ‘हिना नवरा निंघी गया वाटस.’ कशावरून, असं विचारलं तर म्हणाली, मरणाऱ्याला लोक आडवं घालतात. हिला बसवून धरलंय, म्हणजे हिने काहीतरी ऐकलंय.

सुंदरी म्हणजे आसक्तीचं प्रतीक, नंदाने तोडलेला पाश, असा अर्थ काही जण लावतात. मला तो मान्य नाही. पाश दाखवायचा असता तर चित्रकाराने तिला मोहक काढलं असतं, हात पुढे करून अडवणारी काढलं असतं. त्याने तिला कोसळताना काढलं, आणि तिचा दंड धरायला माणसं दिली. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्षूंना राहण्यासाठी कोरवून घेतलं. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोर ही बाई रोज होती, ते सगळे कुणाला तरी मागे ठेवून आलेले. नंद पुढे अर्हत झाला, धर्माच्या दृष्टीने कथा तिथे सुफळ झाली. तरी त्याच भिंतीवर हिला जागा मिळाली. करुणा शिकवणाऱ्या धर्माने स्वतःच्या दारातलं दुःख झाकलं नाही, याचा मला फार आदर वाटतो.

पण आदराने मागे राहिलेल्यांचा प्रश्न मिटत नाही. आमच्याकडे मुक्ताईनगरला वारी जाते, तेव्हा तिथेही तो माझ्यासोबत असतो. मुक्ताईचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. मागे राहिलेली त्यांची बायको रुक्मिणी आळंदीत त्यांच्या गुरूंच्याच पाया पडली, आणि गुरूंनी शिष्याला परत घरी पाठवलं, असं परंपरा सांगते. रुक्मिणीला नवरा मिळाला, पण संन्याशाची पोरं म्हणून चारही भावंडं वाळीत पडली. सुंदरीला नवरा मिळालाच नाही. संन्यास विठ्ठलपंतांनी स्वतः निवडला, नंदाने भिडेखातर पत्करला. या बायकांना आणि पोरांना कुणी विचारलंच नव्हतं. नंदाचं अर्हतपद आणि ज्ञानेश्वरी दोन्ही मला वंदनीय आहेत. त्यांच्या थोरवीने रुक्मिणीचं आणि सुंदरीचं देणं फिटलं, असं मात्र मी म्हणणार नाही.