सत्तर टक्क्यांचा हिशेब

मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. साल १८३२, तारीख ६ जून. पिसाळलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून कंपनी सरकारने १८१३ मध्ये नियम केला होता. उन्हाळ्यात एक महिना आणि पावसाळा सरताना एक महिना, मोकाट दिसेल ते कुत्रे पोलिसांनी मारायचे. १८३२ मध्ये उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली आणि मेलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळू लागले. शिपाई मग मोकाट कुत्र्यांवर थांबले नाहीत. ओट्यावर बसलेली, घरात पाळलेली कुत्रीही ओढून नेली जातात, अशी ओरड सुरू झाली. पारशी धर्मात कुत्र्याला फार पवित्र स्थान आहे, अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. कोटातल्या पारशांनी त्या दिवशी शिपायांना गाठून मारले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पाडला. इतर समाजांतले लोकही त्यात उतरले आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले.

हा प्रसंग धर्मभावनेचा म्हणून सांगितला जातो. मला त्यातले आठ आणे महत्त्वाचे वाटतात. सरकारला थांबवायचा होता रोग, पण पैसे ठरले होते मेलेल्या कुत्र्याचे. कुत्रा पिसाळलेला होता की धडधाकट, भटका होता की कोणाचा, याने त्या रकमेत काही फरक पडत नव्हता. जे मोजले गेले ते झाले, रोग तिथेच राहिला. त्या काळच्या अधिकाऱ्यांपाशी दुसरा उपाय नव्हता हेही खरे. लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची पहिली लस टोचली ती १८८५ मध्ये. आपल्यापाशी उपाय आहे. माणसासाठी लस आहे, कुत्र्यासाठी लस आहे, आणि ती कुठे, कशी, किती द्यायची याचे शास्त्र पक्के झालेले आहे. तरीही आपल्या महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती आजही भलतीच गोष्ट मोजतात, असे माझे म्हणणे आहे.

आजचा नियम काय आहे ते आधी पाहू. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये श्वान जन्मनियंत्रणाचे नियम आले, मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. गाभा एकच आहे. कुत्रा पकडायचा, नसबंदीची शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. हे सगळे स्थानिक संस्थेने करायचे. कुत्री सरसकट मारण्यापेक्षा ही रीत शतपटीने चांगली आहे. मारलेल्या कुत्र्याची गल्ली रिकामी राहत नाही. उकिरडा असतो, चिकनच्या दुकानामागे टाकलेली आतडी असतात, शेजारच्या गल्लीतली कुत्री येतात, आणि त्यांना लस टोचलेली असेलच असे नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटावर २००८ मध्ये रेबीज शिरला, तेव्हा तिथे हजारो कुत्री मारली गेली. रोग बेटभर पसरायचा तो पसरलाच. कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस देणे सुरू झाल्यावरच तो हटू लागला.

पण आपल्याकडे नसबंदीचे पैसे कसे दिले जातात? शस्त्रक्रियेमागे. संस्थेने किती शस्त्रक्रिया केल्या याची खात्री करण्यासाठी काढलेले अवयव फॉर्मलिनमध्ये साठवून ठेवतात, देखरेख समितीचे लोक येऊन ते मोजतात, मगच बिल पुढे सरकते. अंडाशये इतकी, वृषणे इतकी, म्हणून माद्या इतक्या, नर इतके. भ्रष्टाचार रोखायला ही पद्धत उपयोगी आहे, तिला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एवढ्यावरच हिशेब संपतो याला. लस शस्त्रक्रियेच्या दिवशी दिली जाते, तिचा असर वर्षभर, फार तर तीन वर्षे. पुढच्या डोसाचे काय? कानाला खाच असलेला कुत्रा पुन्हा गाडीत घालायचे कोणाला कारण उरत नाही. कागदावर तो कायमचा ‘झालेला’ असतो. चार वर्षांनी तोच कुत्रा पिसाळला तर नियमाच्या भाषेत कोणाचीच चूक होत नाही.

नसबंदी हे संख्या आटोक्यात आणण्याचे काम आहे आणि ते संथच चालणार. मुंबईने १९९४ मध्ये कुत्री मारणे थांबवून नसबंदी धरली. २०१४ च्या गणनेत शहरात सुमारे ९५ हजार भटकी कुत्री निघाली, दहा वर्षांनी सुमारे ९० हजार. शहर एवढे फुगत असताना आकडा वाढला नाही, हे यशच आहे. पण रेबीज थांबण्यासाठी कुत्री कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही, हे आपल्या नगरसेवकांना आणि सरपंचांना कोणी नीट समजावून सांगितलेले नाही.

शास्त्र असे आहे. गोवरचा एक रुग्ण लस नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. पिसाळलेला कुत्रा सरासरी दोन कुत्र्यांनाही देत नाही. इतका भयंकर रोग, पण पसरण्याच्या बाबतीत दुबळा. म्हणून एखाद्या भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस असेल, तर विषाणूला पुढचे जनावर सापडत नाही आणि साखळी आपोआप तुटते. जागतिक आरोग्य संघटनेचा सत्तर टक्क्यांचा निकष यावरच उभा आहे. कुत्री मरतात, नवी पिल्ले येतात, म्हणून तो सत्तर टक्क्यांचा आकडा दरवर्षी नव्याने गाठावा लागतो. आणि तो गल्लोगल्ली गाठावा लागतो. शहराची सरासरी सत्तर आणि नदीकाठच्या झोपडपट्टीत वीस, असे असून चालत नाही. रोग त्या विसाच्या जागी राहतो.

हे पुस्तकी बोलणे नाही, आपल्या दाराशी गोव्यात झालेले आहे. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांनी २०१३ पासून हे काम हाती घेतले. टोळी सकाळी एका वाड्यावर उतरते. हातात लांब दांड्याचे जाळे. कुत्रा जाळ्याखाली आला की जाळ्यातूनच सुई, अंगावर रंगाचा एक पट्टा, आणि कुत्रा मोकळा. शस्त्रक्रिया नाही, पिंजरा नाही, गाडी नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्या जागी नोंद पडते. नंतर माणसे पुन्हा त्याच रस्त्यांवरून फिरतात आणि फक्त मोजतात, रंग लागलेली किती आणि न लागलेली किती. सत्तर टक्के भरले नाहीत तर टोळी परत त्या वाड्यावर. अख्ख्या कामाचे मर्म मला या दुसऱ्या फेरीत दिसते. किती सुया टोचल्या याला तिथे महत्त्व नाही, किती कुत्री उरली याला आहे. अशी वर्षाला ९५ हजारांवर कुत्री टोचली गेली, दीड लाख मुलांना शाळांत कुत्र्याशी कसे वागावे आणि चावल्यावर काय करावे ते शिकवले गेले, संशयित कुत्र्याची खबर द्यायला फोन ठेवला, मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासला गेला. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला. २०१७ नंतर काही वर्षे तिथे रेबीजने माणूस दगावल्याची नोंद नाही. २०२१ मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. पण कुत्र्यांची ये-जा राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. सावंतवाडी-दोडामार्गकडून किंवा कर्नाटकातून पिसाळलेला कुत्रा आला की तिथल्या सगळ्या मेहनतीला धोका आहे. तेव्हा महाराष्ट्राची ढिलाई एकट्या महाराष्ट्रापुरती राहत नाही.

आता गावाकडे येऊ. कारण चर्चा सगळी महानगरांची होते आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायती आहेत सुमारे २८ हजार. नियम त्यांनाही लागू आहे. त्यांच्यापाशी ना श्वानपथक, ना शस्त्रक्रियेचे टेबल, ना पिंजरे. संशयित पिसाळलेला कुत्रा तपासून वेगळा कोंडावा, तो साधारण दहा दिवसांत मरतोच, असे नियम सांगतो. ग्रामपंचायत कोंडणार कुठे? प्रत्यक्षात गावातली पोरे काठ्या घेऊन त्याला गाठतात, मारतात, गावाबाहेर पुरतात. तो आधी कोणाकोणाला चावला, कोणत्या गोठ्यात शिरला, याचा माग राहत नाही. मेंदूचा नमुना जात नाही, म्हणून गावात रेबीज होता ही नोंदच होत नाही. आणि नोंद नाही म्हणून तरतूद नाही.

तरीसुद्धा गावात हे काम शहरापेक्षा सोपे आहे, असे मी ठामपणे म्हणेन. गावातला कुत्रा कायद्याच्या दृष्टीने भटका असेल, पण तो कोणाच्या तरी ओट्यावर झोपतो, कोणाच्या तरी हाकेला येतो. वस्तीवरचा राखणीचा कुत्रा, धनगराच्या कळपामागचा कुत्रा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर हिंडणारा कुत्रा, यांना जाळे लागत नाही. भाकरी टाकणारी बाई मानेला हात घालून धरते आणि सुई होऊन जाते. आपले पशुधन पर्यवेक्षक लाळ्या-खुरकुताची लस घेऊन दरवर्षी दावणी-दावणी फिरतातच. त्याच फेरीला जोडून गावातल्या कुत्र्यांना लस द्यायची, सरपंचाने आदल्या दिवशी दवंडी द्यायची, ग्रामसेवकाने वाडीनिहाय आकडा लिहायचा. लाळ्या-खुरकुताने दूध घटते म्हणून आपण तयारीने उभे राहतो. रेबीजने मूल जाते.

आणि ते कसे जाते हे एकदा स्पष्ट लिहायला हवे. विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूकडे सरकतो. याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षाहून अधिक. लक्षणे दिसली की जवळजवळ प्रत्येक रुग्ण दगावतो. तहान लागलेली असते आणि पाण्याचा पेला समोर आला की घसा आवळतो. मूल उंचीने लहान, म्हणून चावा तोंडावर, मानेवर येतो आणि मेंदूचे अंतर कमी होते. शिवाय रागावतील म्हणून ते घरी सांगतही नाही. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे ही सर्वांत मोठी गोष्ट, ती घरोघरी होऊ शकते. तिथे अजून चुना, मिरचीपूड, हळद लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीतीही गेलेली नाही. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आताची लस दंडात घेतात, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

पण खोल, रक्ताळलेल्या चाव्याला नुसती लस पुरत नाही. लसीची प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर तयार प्रतिपिंडांचे सिरम जखमेतच, कडेने आणि आत टोचावे लागते. हे सिरम प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते तेव्हा चिठ्ठी मिळते ती जिल्ह्याच्या ठिकाणची. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम भरलेली दिसली की शेवटची फेरी टळते. तालुक्याच्या ठिकाणी सिरमचा साठा कायम असलाच पाहिजे, ही मागणी मला कुत्र्यांच्या कुठल्याही वादापेक्षा तातडीची वाटते.

२०२४ मध्ये देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांवर नोंदी झाल्या आणि रेबीजचे संशयित मृत्यू सरकारदरबारी ५४. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून निघालेला अंदाज वर्षाला ५,७२६ मृत्यूंचा आहे. म्हणजे सरकारी वहीत एक मृत्यू, तर बाहेर शंभर. माणसे घरी मरतात, आणि मृत्यूचे कारण कोणी लिहून घेत नाही.

गेल्या काळात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री परत सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र नाहीत, खाऊ घालण्याच्या जागा ठरवाव्यात, असे सांगून विषय साऱ्या देशाला लावला. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची कुत्री हटवण्याचा आदेश आला. शाळेच्या आवारात कुत्र्यांचा कळप नको, हे मला पूर्ण मान्य आहे. पण लाखो कुत्री जन्मभर पोसतील अशी निवारागृहे कोणतीही महापालिका बांधू शकत नाही, आणि त्या स्वप्नात जाणारा पैसा लसीतून जाईल. दुसरीकडे, कुत्र्यांना जीव लावणाऱ्यांनीही चावलेल्या मुलाच्या आईचे म्हणणे उडवून लावू नये. सोसायटीच्या गेटवर भात घालणारी माणसे आणि त्यांच्याशी भांडणारी माणसे, दोघांनाही रेबीज नको आहे. रोज खाऊ घालणाऱ्याच्या हातात कुत्रा शांत उभा राहतो. लसीकरणाच्या दिवशी त्या माणसाइतका उपयोगाचा दुसरा कोणी नाही. पालिकेने त्यांची यादी करावी, त्यांना नोटिसा पाठवण्याआधी सुईच्या दिवशी बोलवावे.

माझी मागणी नव्या कायद्याची नाही. प्रत्येक स्थानिक संस्थेने नसबंदीपासून वेगळे असे वार्षिक श्वान लसीकरण करावे, त्याचे स्वतंत्र अंदाजपत्रकीय शीर्ष असावे, आणि प्रभागनिहाय, वाडीनिहाय टक्का जाहीर लावावा. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा २०२१ मध्येच मांडला आहे. मेक्सिकोला हे साधल्याचे प्रमाणपत्र २०१९ मध्ये मिळाले, ते कुत्र्यांच्या वर्षानुवर्षांच्या मोफत लसीकरणामुळे.

वाचकांना एक विनंती. २६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा होईल. शहरात असाल तर प्रभाग कार्यालय आहे, नगरसेवक आहे. तिथे उभे राहून विचारा, गेल्या वर्षी आपल्या हद्दीतल्या किती कुत्र्यांना रेबीजची लस दिली, आणि हद्दीत कुत्री आहेत किती. शस्त्रक्रियांचा आकडा सांगतील. तो ऐकून घ्या, आणि पुन्हा लसीचा विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, पुढच्या वर्षी त्याच तारखेला तोच प्रश्न परत विचारा.